पद्माकर सबनिसांचं क्रियापद

"त्यांना सांगा, आता बरं होण्याचा प्रश्न राहिलेला नाही," डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. "स्वादुपिंडातून आजार लिव्हरमध्ये गेलाय. काही आठवडे आहेत, फार तर दोन महिने. घरी जायचं असेल तर याच आठवड्यात निघायला हवं. पोटात पाणी धरायला लागलंय. ते वाढलं की कुठलीही एअरलाइन त्यांना घेणार नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या आणि पद्माकर सबनिसांकडे पाहू लागल्या. दुभाष्याला वेळ द्यायचा असतो, हे त्यांना कुणीतरी नीट शिकवलेलं होतं.

सबनीस तसे दुभाषी नव्हतेच. ते एका शिपिंग एजन्सीत कारकून होते. सिंगापुरात सेम्बावांगच्या गोदीत दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांवरचे खलाशी विमानतळावरून आणायचे, परत पोचवायचे, त्यांचे पास काढायचे, त्यांना सिमकार्डं घेऊन द्यायची, कुणाची दाढ ठणकली तर त्याला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं, ही त्यांची नोकरी. हॉस्पिटलात चिनी, मलाय, तमिळ बोलणारी माणसं हाताशी असत, रशियनवालं कुणी नसे. मग एजन्सीला फोन जाई, आणि एजन्सीत रशियन म्हटलं की सबनीस. ऑफिसात त्यांना सगळे 'पद्मा' म्हणत. आमच्याकडे हे बाईचं नाव आहे, असं त्यांनी पहिली दोन वर्षं सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

पलंगावर बोगदान बसला होता. जहाजावरचा सेकंड इंजिनियर, वय पन्नाशीच्या थोडं पुढे, खांदे दारात अडकतील असे. कातडी आणि डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, आणि बोटांच्या भेगांत मात्र इंजिनाचं काळं तेल अजून तसंच. त्याला इंग्रजी येत होतं ते पंप, व्हॉल्व्ह आणि 'स्टॉप' एवढंच. त्यामुळे तो डॉक्टरीणबाईंकडे बघतच नव्हता. तो सबनिसांच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणतात?" त्याने रशियनमध्ये विचारलं.

सबनिसांच्या डोक्यात वाक्य तयार होतं. शब्दांचा तुटवडा त्यांना कधीच नव्हता. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "आतून सूज आहे म्हणतात. वेळ लागेल. औषधं घ्यायची, पडून राहायचं. घरी जायचं म्हटलं तर... तेही जाता येईल."

बोगदानने मोठा श्वास सोडला. "मग सूज उतरू दे. माझा करार ऑगस्टपर्यंत आहे. तो पुरा करून जातो. मधेच सोडून गेलेल्या माणसाला पुढल्या खेपेला कुणी बोलवत नाही."

"काय म्हणाले ते? नीट कळलं ना त्यांना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कळलं," सबनीस म्हणाले. "थोडा वेळ हवाय त्यांना."

इकडे एक थाप, तिकडे एक थाप, आणि मधे उभे सबनीस, एसी चालू असूनही घामाने भिजलेले. बाहेर पडताना बोगदानने त्यांच्या पाठीवर थोपटलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सबनीस रशियन शिकले ते पुण्यात, ऐंशीच्या दशकात. तेव्हा कारखान्यांत सोव्हिएत यंत्रं येत होती आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या जाडजूड पुस्तकांचा इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला बरी नोकरी होती. सबनिसांना ती लागली, लग्न झालं, बस्तान बसतंय न बसतंय तोच ज्या देशाची भाषा शिकले तो देशच नाहीसा झाला. यंत्रं यायची थांबली. "लोकांच्या नोकऱ्या जातात, ह्यांचा तर देशच गेला," असं शैलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अजूनही पाहुण्यांना हसत सांगत. मग कुणाच्या तरी ओळखीने हे सिंगापूर. एजन्सीला रशियन जाणणारा स्वस्तातला माणूस हवा होता, आणि तो स्वस्तातला माणूस होण्यात सबनिसांची सतरा वर्षं गेली.

भाषेचं वेड मात्र गेलं नाही. पुण्याला त्यांना शिकवणाऱ्या सरोजिनीबाई म्हणायच्या, "सगळी भाषा कुणालाच येत नाही रे. एक क्रियापद धर आणि त्याचा शेवटपर्यंत माग काढ." सबनिसांनी धरलं 'झीत्य'. जगणं. रशियनमध्ये झीत्य, युक्रेनीमध्ये झिती, पोलिशमध्ये झिच, बल्गेरियनमध्ये झिवेया. सगळी एका आईची लेकरं, आणि आपल्याकडचा 'जीव' त्यांचा लांबचा चुलतभाऊ. हेच क्रियापद राहण्यालाही चालतं. कुठे जगता म्हणजे कुठे राहता. आधी एक उपसर्ग लावला की जखम भरून येते, दुसरा लावला की माणूस दुसऱ्याच्या मागे उरतो, तिसरा लावला की संकटातून तगतो, चौथा लावला की चार माणसांत जुळवून घेतो. सबनीस याचं पुस्तक लिहिणार होते. ते लिहिणार होते हे सिंगापुरातल्या बहुतेक मराठी मंडळींना ठाऊक होतं, आणि एकदा मंडळात त्यांनी यावर भाषणही दिलं होतं. दहा-बारा माणसं आली होती, त्यातली निम्मी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी.

विमानतळावरून खलाशांना व्हॅनमधून आणताना ते प्रत्येकाला विचारत, तुमच्या गावाकडे हे क्रियापद कसं वापरतात? दोन विमानं बदलून आलेली माणसं पेंगत असत. काहींना वाटे, हा इमिग्रेशनचाच कुणीतरी आहे, म्हणून ती जपून उत्तर देत. बोगदान मात्र पहिल्याच भेटीत खुलला होता. तो डॅन्यूबच्या काठच्या इझमाइलचा. बाप युक्रेनी, आजी बल्गेरियन, जहाजावर रशियन. "आमच्या एका जेवणाच्या टेबलावर तुझं क्रियापद तीन तऱ्हांनी बसायचं," तो म्हणाला होता. "आजी आयुष्याला 'झिवोत' म्हणायची. आणि रशियनमध्ये झिवोत म्हणजे पोट. लहानपणी माझं पोट दुखलं आणि मी शाळेतल्या भाषेत ओरडलो, की म्हातारी घाबरायची. तिला वाटायचं, पोराचं आयुष्य दुखतंय."

तेव्हा दोघं खूप हसले होते. ती गोष्ट सबनिसांना आता हॉस्पिटलातून गोदीकडे जाताना आठवली आणि त्यांना स्वतःचा राग आला.

पण राग आला तरी आपण चुकलो असं त्यांना वाटत नव्हतं. पुण्यात वडील आजारी पडले तेव्हा सबनीस आणि थोरले भाऊ निशिकांत यांनी अख्खं घर नाटकाला लावलं होतं. डॉक्टर, शेजारी, दूधवाला, सगळ्यांना पढवून ठेवलेलं. रोग्याला सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस आधीच हात टेकतो. वडिलांनी शेवटच्या महिन्यात एका मासिकाची तीन वर्षांची वर्गणी भरायला सांगितली आणि निशिकांतने हू की चू न करता ती भरली. वडील गेल्यावर पुरी तीन वर्षं ते मासिक घरी येत राहिलं. आई ते न उघडता माळ्यावर टाकायची. पण वडील सुखाने गेले, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सगळं शैलाताईंच्या कानावर घातलं. शैलाताई दिवसभर बालवाडीत दुसऱ्यांची मुलं सांभाळून दमलेल्या होत्या, तरी त्यांनी हातातला घास थांबवला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "असं तोंडावर सांगतात का कुणी! परक्या मुलखात एकटा पडलाय बिचारा. डॉक्टरला काय, आज हा पेशंट, उद्या तो."

ऋचा, त्यांची मुलगी, फोनमध्ये डोकं घालून जेवत होती. तिने डोकं वर काढलं. "वेट. बाबा, तू त्याला सांगितलंच नाहीस?"

"सांगेन सावकाश."

"सावकाश मीन्स? डॉक्टर सेड धिस वीक, राइट? मग तो इथेच डाय होणार?"

"शुभ बोल गं जरा," शैलाताई म्हणाल्या. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

"आई, प्लीज. ही इज नॉट युअर बेबी, लाह. मोठा माणूस आहे तो. त्याचं लाइफ आहे, बाबाचं नाही. बाबा, तुझा जॉब काय होता? ती बोलते ते सांगायचं, दॅट्स ऑल. तू एडिट कसं करू शकतोस?"

"तुला नाही कळायचं," सबनीस म्हणाले.

"ऑलवेज तेच. मला नाही कळायचं." ऋचाने ताट उचललं आणि ती आत गेली.

सबनीस बराच वेळ तसेच बसून राहिले. हात वाळले. मुलीला मराठी धड येत नाही म्हणून ते नेहमी कुरकुरत असत. आज तिचं सगळं मराठी त्यांना नीट कळलं होतं, आणि तेच नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मॅनेजर कोह यांनी विचारलं, "पद्मा, तुझ्या इंजिनियरचं काय? सेटल झालं की नाही? विमा कंपनी तिकीट द्यायला तयार आहे, सोबत नर्सही देतील. फक्त तो हो म्हणायला हवा."

"विचारून येतो," म्हणून सबनीस निघाले. वाटेत त्यांनी ठरवलं, आज सांगायचं. लिफ्टमध्ये ठरवलं, आज नको, उद्या. वॉर्डाच्या दारात पोचेपर्यंत हे दोन वेळा उलटसुलट झालं.

बोगदान खुशीत होता. उशीला टेकून सफरचंद खात होता, म्हणजे हातात धरून बसला होता. एक चावा घेतलेला, तोही काळा पडलेला.

"काल गालीनाशी बोललो," तो म्हणाला. गालीना म्हणजे त्याची बायको. "ती यायला निघाली होती, वेडी. म्हटलं, काही नको, नुसती सूज आहे, मी ऑगस्टात येतोच. मग म्हणाली, तर मी इटलीला जाते. तिची बहीण तिथे एका म्हातारीकडे कामाला आहे, तिला उन्हाळ्यात बदली बाई हवी असते. शनिवारची बस आहे. मी म्हटलं, जा. घरात एकटी बसून काय करणार? ऑगस्टात दोघं बरोबरच घरी पोचू."

थाप ह्या खोलीतून निघून इझमाइलला पोचली होती, आणि आता शनिवारी बसमध्ये बसून इटलीला चालली होती. ह्याला उद्या कळलं आणि हा घरी गेलाच, तर दार उघडायला तिथे कुणी नसणार.

वडिलांच्या वेळी असं काही झालं नव्हतं. तेव्हा सगळे घरात होते. सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या वडिलांनाच ठाऊक नव्हतं. इथे सगळं उलटं होतं. बोगदानच्या माणसांत कुणालाच ठाऊक नव्हतं, ठाऊक होतं ते परक्या सबनिसांना.

त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

"बोगदान, मी काल खोटं बोललो."

बोगदान हसला. "कशाबद्दल?"

"सूज नाही. कर्करोग आहे. लिव्हरमध्ये गेलाय. बरा होणार नाही. काही आठवडे, फार तर दोन महिने. घरी जायचं तर याच आठवड्यात. नंतर विमानात घेणार नाहीत."

इतकी वर्षं रशियन बोलत असूनही इतकी छोटी वाक्यं त्यांनी कधी बोलली नव्हती.

बोगदानने सफरचंद टेबलावर ठेवलं. ते गडगडलं, तर त्याने ते पुन्हा नीट, देठ वर करून ठेवलं. मग म्हणाला, "ती जे बोलली ते तिच्या शब्दांत सांग. आधी इंग्रजीत, मग माझ्या भाषेत. एकेक वाक्य."

सबनिसांनी सांगितलं. एकेक वाक्य. 'वीक्स' हा शब्द बोगदानने दोनदा म्हणून घेतला.

"तू कोण माझा?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. "भाऊ? मुलगा?"

"कुणी नाही."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"आमच्याकडे सांगत नाहीत," सबनीस म्हणाले. "घरच्या माणसाला असं तोंडावर सांगत नाहीत."

"मी तुझ्या घरचा नाही."

"नाही."

"मी इंजिनियर आहे, पद्मा. मशीन किती तास चालणार हे मला सांगावं लागतं. तू मला न सांगता मशीन चालू ठेवलंस." त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत. सबनिसांनाच कुठे बघावं ते कळेना. त्यांनी आपल्या सँडलकडे बघितलं.

"फोन लाव," शेवटी बोगदान म्हणाला. "गालीनाला तू सांगायचं. काल मी तिला एक सांगितलंय. आता त्याच तोंडाने दुसरं मला सांगवणार नाही."

"मी? मी तिला ओळखतही नाही."

"मला तरी कुठे ओळखत होतास? लाव."

फोन लागला. तिकडे सकाळ होती. कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता, आणि पत्र्याचं काहीतरी आपटल्याचा आवाज. सबनिसांनी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"अहो, तुमच्याबद्दल बोलतो तो!" गालीना म्हणाली. तिचं बोलणं अर्धं रशियन, अर्धं युक्रेनी होतं. "ते शब्द गोळा करणारे गृहस्थ ना? कसा आहे तो? जेवतो का?"

सबनिसांनी डोळे मिटले आणि सांगितलं. काल आपण काय केलं हेही सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचं कळलंच नसतं. सांगून झाल्यावर तिकडे फक्त कोंबड्या ऐकू येत राहिल्या. सबनिसांना वाटलं, फोन बंद पडला. त्यांनी दोनदा "हॅलो" म्हटलं.

"आहे मी," गालीना म्हणाली. "थांबा. बसते." मग म्हणाली, "बसवाल्याला सांगायला हवं, माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून." आणि मग, अगदी वेगळ्याच आवाजात: "तो चालतो का? आमच्याकडे जिना आहे. पलंग खाली आणू की वर राहू दे?"

"चालतो. पण खाली आणलेला बरा."

"आणते. तुम्ही त्याला विमानात बसवा. तुम्ही स्वतः बसवा, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. आणि आता तरी त्याच्याशी खोटं बोलू नका. घरापर्यंत जगेल ना?"

हे विचारायला तिने वापरलेलं क्रियापद सबनिसांच्या फार आवडीचं होतं. एका विवक्षित ठिकाणापर्यंत, क्षणापर्यंत जगून पोचणं. मराठीत त्याला एकच असा शब्द नाही, यावर भाषणात ते पाच मिनिटं बोलले होते. आता त्यांना नुसतं हो किंवा नाही एवढंच सांगायचं होतं, आणि तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "लवकर निघाला तर जगेल, असं डॉक्टर म्हणतात."

"मग लवकर पाठवा," गालीना म्हणाली. फोन बोगदानकडे देऊन सबनीस बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना इतका थकवा आला होता, की नर्सने येऊन "अंकल, तुम्हीपण पेशंट का?" असं विचारलं.

पुढचे दोन दिवस ते धावत होते. तिकीट, डॉक्टरचा दाखला, पास रद्द करणं, इस्तंबूलला विमान बदलताना चाकाची खुर्ची. निघायच्या दिवशी दुपारी ते वॉर्डात पोचले तेव्हा बोगदान इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून तयार होता. फक्त बूट राहिले होते. बूट पायात जात नव्हते. पाय सुजून पावासारखे झाले होते. सोबत जाणारी फिलिपिनो नर्स हॉस्पिटलच्या पांढऱ्या सपाता घेऊन उभी होती, आणि बोगदान लहान मुलासारखा मान हलवत होता.

"वेअर इट, सर. व्हेरी सॉफ्ट," ती म्हणत होती.

"सांग तिला," बोगदान म्हणाला. "आमच्याकडे पांढऱ्या सपाता शवपेटीत घालतात. गालीना विमानतळावर येणार आहे. ह्या घालून मी तिच्यासमोर उतरू?"

सबनिसांनी नर्सला सांगितलं, या वेळी सगळं, शब्दाला शब्द. ती ओशाळली, पण दुसरं काही तिच्याकडे नव्हतं. विमानाची वेळ होत आली होती. सबनीस पलंगाच्या कडेला टेकले आणि त्यांनी आपल्या सँडल काढल्या. चामड्याच्या, जुन्या, रुंद. पायांना कुरूप होतं म्हणून शैलाताईंनी लिटिल इंडियातून घेऊन दिलेल्या. मग ते खाली बसले, बोगदानचा एक पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि पट्टा शेवटच्या, सगळ्यांत सैल भोकात ओढून बक्कल लावलं. मग दुसरा. सबनिसांनी वडिलांचे पाय असे कधी हातात घेतले नव्हते. वडिलांना संशय आला असता.

"तू काय घालशील?" बोगदानने विचारलं.

"ह्या," सबनीस म्हणाले आणि त्यांनी पांढऱ्या सपाता पायात सरकवल्या. "आमच्याकडे ह्यांचं काही नसतं."

विमानतळावर, खुर्ची आत न्यायच्या आधी, बोगदान हात धरून उभा राहिला. त्याने सबनिसांना माफ केलं असं म्हटलं नाही, आणि सबनिसांनीही माफी मागितली नाही. "जगू, मग बघू," तो म्हणाला. रशियनमध्ये ही म्हण आहे. एरवी सबनिसांनी तिच्यावर काहीतरी ऐकवलं असतं. ते नुसते हात हलवत उभे राहिले. मग सपाता घालून एमआरटीच्या मेट्रोने सेम्बावांगला आले. समोरच्या बाकावरची चिनी आजी त्यांच्या पायांकडे बघून उठली आणि तिने त्यांना कोपऱ्यातली राखीव जागा दिली. सबनीस मुकाट्याने बसले.

दुसऱ्या दिवशी गालीनाचा फोन आला. "आला. गाडीतून उतरून घराच्या दारापर्यंत स्वतः चालला. सूप घेतलं. झोपलाय." एवढंच. सबनिसांनी ते घरी सांगितलं, तेव्हा शैलाताईंनी देवाजवळ साखर ठेवली. ऋचाने बाबांसाठी चहा केला, फार गोड झाला होता, तो त्यांनी सगळा प्यायला.

जुलै संपता संपता पोस्टातून एक खोकं आलं. वर युक्रेनी तिकिटं, आत इझमाइलचं वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात सँडल. धुऊन, पुसून, पॉलिश करून पाठवलेल्या. चिठ्ठी नव्हती. सबनिसांनी खोकं उलटं करून झटकून पाहिलं, तरी नव्हती.

त्यांनी एक सँडल हातात घेऊन फिरवली. शेवटच्या भोकाच्या पुढे आणखी एक भोक पाडलेलं होतं, तापलेल्या खिळ्याने, कडा काळ्या झालेल्या. त्याच्याही पुढे, पट्ट्याच्या अगदी टोकाशी, तसंच आणखी एक.

शैलाताई दारात आल्या. त्यांनी सँडल पाहिल्या, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या. "बाहेरच राहू द्यात त्या," त्या हळूच म्हणाल्या. "घालू नका. गेलेल्या माणसाच्या पायातल्या. कुणाला तरी देऊन टाकू."

"माझ्याच आहेत," सबनीस म्हणाले.

ते उंबऱ्यावर बसले. चांगी विमानतळावर एक टोळी उतरायची होती, पोलिश आणि क्रोएशियन, व्हॅन खाली येऊन थांबली होती. त्यांनी सँडल पायात घातल्या आणि बक्कल आपल्या नेहमीच्या भोकात लावलं. पुढे पट्टा बराच उरला. तो त्यांनी आत खोचला नाही.